चार्टच्या कडेची तारीख

२०११च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या टॅम्पा विमानतळाने आपली मुख्य धावपट्टी १३ तारखेपर्यंत बंद ठेवली. डांबर उखडलं नव्हतं की दिवे बिघडले नव्हते. काम रंगाऱ्यांचं होतं. एका टोकावरचा ‘१८ आर’ पुसून ‘१९ आर’ आणि दुसऱ्या टोकावरचा ‘३६ एल’ पुसून ‘१ एल’ लिहायचं होतं. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची चुंबकीय दिशा, जवळच्या दहा अंशांत धरलेली. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव सरकत राहतो, आणि तो पुरेसा सरकला की जागची तसूभरही न हललेली धावपट्टी नाव बदलते. १३ जानेवारीला गुरुवार होता. जगभरचे वैमानिकी चार्ट बदलण्याचा ठरलेला दिवसही तोच होता.

त्या गुरुवारी टॅम्पाच्या त्या धावपट्टीचे जुने अप्रोच चार्ट एका फटक्यात निकालात निघाले. नियंत्रक परवानगी देणार ‘आयएलएस वन नायनर राइट’ची, आणि मागच्या महिन्याचा संच घेऊन आलेल्या वैमानिकाकडे त्या नावाचं पानच नसणार. हा बदल निदान डोळ्यांत भरणारा होता. जास्त धोक्याचे असतात ते न दिसणारे बदल. उतरण्याची किमान उंची साठ फुटांनी वाढलेली असते, मिस्ड अप्रोचचं वळण डावीकडून उजवीकडे गेलेलं असतं, टॉवरची फ्रिक्वेन्सी बदललेली असते. पानाचं नाव तेच, रेघा त्याच, म्हणून ओळखीच्या पानावरून नजर सहज पुढे सरकते.

ढगात किंवा धुक्यात बाहेरचं काही दिसत नसताना निव्वळ उपकरणांच्या आधारे धावपट्टीपर्यंत येण्याची जी आखून दिलेली वाट असते, तिचा एका पानाचा नकाशा म्हणजे इन्स्ट्रुमेंट अप्रोच चार्ट. वैमानिक त्याला सरळ ‘प्लेट’ म्हणतात. कोणत्या बिंदूवर किती उंची, कोणती दिशा, किती खाली येईपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचं (मिस्ड अप्रोच) आणि कुठल्या बाजूने, हे सगळं त्या एका पानावर असतं. त्यातल्या आकड्यांत फार मोकळी जागा ठेवलेली नसते. अमेरिकेच्या आखणीच्या नियमांत लोकलायझर (धावपट्टीची दिशा दाखवणारा रेडिओ संकेत) अप्रोचच्या शेवटच्या टप्प्यात खालच्या अडथळ्यापासून राखलेलं अंतर २५० फुटांचं असतं. धावपट्टीच्या वाटेवर नवा मनोरा उभा राहिला आणि किमान उंची त्यासाठी साठ फुटांनी वाढवली, तर जुन्या प्लेटवर उडणाऱ्याने त्या २५० फुटांतला जवळजवळ चौथा हिस्सा नकळत गमावलेला असतो. वर अल्टिमीटरची चूक, वाऱ्याचा झोत आणि थकलेला हात यांनाही त्याच अंतरात सामावून घ्यायचं असतं.

विमान कंपनीत हे चार्ट ताजे ठेवायला वेगळा विभाग असतो, आणि कॉकपिटमध्ये दोघे वैमानिक एकमेकांची प्लेट तपासतात. खासगी वैमानिक एकटा असतो. चार इंजिनिअर मित्रांनी मिळून घेतलेलं सेसना १७२ असो की भाड्याचं पायपर, चार्ट आणणारा, तपासणारा आणि वापरणारा माणूस एकच. अमेरिकेत खासगी परवान्यावर इन्स्ट्रुमेंट रेटिंग घेणाऱ्यांत तिथे स्थायिक झालेली मराठी माणसंही आहेत, आणि व्यावसायिक परवान्यासाठी फ्लोरिडा-ॲरिझोनातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये जाणारी इकडची मुलंही. त्यांना उड्डाणाचे धडे कसून मिळतात. चार्टची निगा मात्र बऱ्याचदा ‘ॲप अपडेट करून ठेव’ एवढ्या एका वाक्यावर निभावली जाते. ते वाक्य अपुरं आहे.

गुरुवारचं गणित

चार्ट ठरलेल्या दिवशीच बदलण्याच्या, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिलेल्या पद्धतीला ‘एआयरॅक’ म्हणतात. महत्त्वाचे बदल कोणी मनाला येईल त्या दिवशी लागू करायचे नाहीत. दर २८ दिवसांनी येणाऱ्या ठरावीक गुरुवारीच करायचे. वर्षात अशी तेरा चक्रं बसतात, क्वचित चौदा. २०२०मध्ये चौदा बसली होती. प्रत्येक चक्राला चार आकडी क्रमांक असतो. २०२६चं पहिलं चक्र ‘२६०१’, ते २२ जानेवारीला लागू झालं. ‘२६०२’ १९ फेब्रुवारीला आणि ‘२६०३’ १९ मार्चला. तारखा कित्येक वर्षं आधीपासून ठरलेल्या असल्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच त्या घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवता येतात. फोनमधल्या स्मरणसूचनेइतकाच स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा लाल गोलही उपयोगी पडतो.

अमेरिकेत नवे चार्ट त्या गुरुवारी जागतिक वेळेनुसार ०९०१ वाजता लागू होतात. म्हणजे हिवाळ्यात न्यूयॉर्कला पहाटे चार वाजून एक मिनिटाने, आणि कॅलिफोर्नियात मध्यरात्रीनंतर एक वाजून एक मिनिटाने. बुधवारी संध्याकाळी जाऊन गुरुवारी सकाळी परतणाऱ्याचा प्रवास त्यामुळे दोन चक्रांत विभागला जातो: जाताना एक संच, येताना दुसरा. बहुतेक ॲप पुढच्या चक्राचे चार्ट काही दिवस आधी उतरवून घेऊ देतात आणि दोन्ही संच शेजारी ठेवतात. ती सोय अशाच प्रवासासाठी आहे.

अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, संकेतस्थळावर अप्रोच प्लेट पीडीएफ स्वरूपात सगळ्यांना फुकट मिळतात, हे नव्या वैमानिकाला पुष्कळदा ठाऊक नसतं. त्याच संकेतस्थळाच्या शोधयादीत त्या चक्रात नव्या आलेल्या, बदललेल्या आणि रद्द झालेल्या प्लेटवर खूण केलेली असते. बदललेल्या प्लेटसाठी जुनं आणि नवं एकमेकांवर ठेवून फरक दाखवणारं पानही असतं. घरच्या विमानतळाची आणि नेहमीच्या चार-पाच ठिकाणांची नावं तिथे टाकून दर २८ दिवसांनी ही यादी चाळायला फार वेळ लागत नाही. सगळा संच आपोआप बदलून घेण्यापेक्षा हे काम मोलाचं आहे, कारण त्यातून नेमकं काय बदललं ते डोक्यात शिरतं. नव्या पानावर जुन्या आठवणीने उडणारा वैमानिक जुन्या पानावरच उडत असतो.

तीन तारखा, तीन अर्थ

सगळ्यात मोठा घोळ तारखांचा. एफएएच्या एका प्लेटवर तीन वेगवेगळ्या तारखा असतात, आणि त्यांची सरमिसळ केली की एक तर चालू प्लेट जुनी वाटते किंवा जुनी प्लेट चालू वाटते.

पानाच्या दोन्ही कडांना उभ्या ओळीत छापलेली तारीख सांगते की ही प्लेट कुठल्या दिवसापासून कुठल्या दिवसापर्यंत वापरायची. ‘चालू आहे का’ या प्रश्नाचं उत्तर फक्त इथे मिळतं. छापील प्लेटच्या कडा फोटोकॉपी करताना किंवा क्लिपबोर्डच्या मापाने कापताना पहिल्यांदा जातात, आणि त्यांच्याबरोबर हे उत्तरही जातं. म्हणून कडा कापलेली प्लेट विमानात नेऊ नये. फ्लाइंग क्लबातल्या फळ्यावर वर्षानुवर्षं टाचून ठेवलेली प्लेट तर मुळीच नेऊ नये.

खालच्या डाव्या कोपऱ्यात दुरुस्तीचा क्रमांक आणि तारीख असते. समजा तिथे ‘अमेंडमेंट ४बी, २० ऑगस्ट २०१५’ असं लिहिलं आहे. याचा अर्थ अप्रोचच्या वाटेत किंवा तिच्या आकड्यांत शेवटचा बदल त्या दिवशी झाला. अप्रोच नव्याने आखला की आकडा वाढतो, लहानशी दुरुस्ती झाली की अक्षर पुढे सरकतं, आणि ‘ओरिजिनल’ लिहिलं असेल तर पहिली आखणी अजून तशीच आहे. ही तारीख दहा वर्षांपूर्वीची असूनही प्लेट पूर्णपणे चालू असू शकते.

तिसरी खूण वरच्या कडेला, पाच आकड्यांची. ‘२५०५१’ म्हणजे २०२५ सालचा ५१वा दिवस, अर्थात २० फेब्रुवारी. चार्टच्या चित्रात शेवटचा कोणताही फेरफार झाला तो हा दिवस. फ्रिक्वेन्सी बदलली किंवा टॅक्सीवेचं रेखाटन सुधारलं तर ही तारीख हलते आणि खालची दुरुस्तीची तारीख तशीच राहू शकते.

यांतली दुरुस्तीची तारीख आणखी एका कामाची आहे, आणि त्यासाठी विमानाच्या पॅनेलकडे पाहावं लागतं. पॅनेलमधल्या जीपीएसचा डेटाबेसही २८ दिवसांनी जुना होतो. त्याची वर्गणी महाग असल्याने खासगी मालक ती लांबणीवर टाकतात. एफएएचं मार्गदर्शन यावर स्पष्ट आहे. जीपीएस अप्रोचसाठी डेटाबेस चालू असावा. तो मुदतीबाहेर गेला असेल, तर मुदत संपल्यानंतर त्या अप्रोचमध्ये बदल झालेला नाही याची वैमानिकाने चालू प्लेटवरून खात्री करावी. बदल झाला असेल तर त्या डेटाबेसवर तो अप्रोच उडायचा नाही. दुरुस्तीची तारीख डेटाबेसच्या मुदतीच्या आतली आहे की नंतरची, हा एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि त्याचं उत्तर त्या डाव्या कोपऱ्यात असतं. तरीही ज्याला खरोखर ढगात उडायचं आहे त्याने ही पळवाट नेहमीची करू नये, वर्गणी भरावी. विमानात दोन जीपीएस असतील तर दोन्हींची सुरुवातीची पडदापानं वेगवेगळी वाचावीत. एकाचं कार्ड बदलून दुसऱ्याचं राहून जाणं अगदी सोपं असतं.

प्लेट आणि डेटाबेस यांचं एकमत झालं नाही तर काय होतं, हे २० डिसेंबर १९९५ला कोलंबियात कालीजवळ दिसलं. अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७५७च्या वैमानिकांकडच्या चार्टवर ‘रोझो’ या बीकनची ओळख ‘आर’ अशी होती. त्यांनी संगणकात ‘आर’ टाकलं, तेव्हा डेटाबेसने बोगोटाजवळचा ‘रोमिओ’ नावाचा बीकन निवडला. विमान डोंगरांच्या दिशेने वळलं आणि १५९ जणांचे प्राण गेले. त्या अपघाताला इतरही चुका कारण होत्या, आणि तिथे डेटाबेस शिळा नव्हता. पण चार्ट आणि यंत्र एकाच अक्षराने दोन ठिकाणं ओळखत होते. म्हणूनच अप्रोच यंत्रात भरल्यावर प्रत्येक बिंदूचं नाव, त्याची दिशा आणि अंतर प्लेटशी जुळवून पाहायचं, हा नियम खासगी वैमानिकालाही तितकाच लागू आहे.

जेपसनची वही

अप्रोच चार्टची सुरुवात अशाच एका एकट्या वैमानिकापासून झाली. एल्री जेपसन १९३०च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम भागात टपाल वाहून नेत असे. रस्त्यांचे नकाशे आणि रेल्वेचे रूळ पाहत उडण्याचे ते दिवस, आणि सहकारी वैमानिकांचे मृत्यू नित्याचे. त्याने दहा सेंटची सुट्या पानांची काळी वही विकत घेतली आणि तीत माळरानांची लांबी, डोंगरांच्या आणि पाण्याच्या टाक्यांच्या उंच्या, आणि हवामान सांगू शकणाऱ्या शेतकऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक उतरवायला सुरुवात केली. इतर वैमानिक प्रती मागू लागले, आणि १९३४पासून तो त्या दहा डॉलरला विकू लागला. वही सुट्या पानांची होती, ही त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट: पान जुनं झालं की तेवढंच काढून नवं लावता येई. डेन्व्हर विमानतळाच्या मुख्य टर्मिनलला आज त्याचं नाव आहे.

जेपसनचे कागदी चार्ट वापरणाऱ्यांच्या पिढीने दर दोन आठवड्यांनी टपालाने येणाऱ्या पाकिटातली पानं एकेक करून बाइंडरमध्ये लावली. काम कंटाळवाणं होतं, पण त्यात प्रत्येक बदललेलं पान हाताखालून जाई. जेपसनच्या प्लेटच्या तळाशी ‘चेंजेस’ अशी एक ओळ असते आणि या वेळी काय बदललं ते तीत थोडक्यात लिहिलेलं असतं. टॅब्लेटवर वाचणाऱ्यांनीही ती ओळ शोधून वाचावी. ती तिथे अजून आहे.

टॅब्लेटच्या बाबतीत एक सवय उड्डाणाच्या आदल्या रात्री पाळायलाच हवी. घरच्या वाय-फायवर सगळं उतरवून झालं की टॅब्लेट एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि गंतव्य, पर्यायी विमानतळ आणि वाटेतला एखादा असुरक्षित वाटणारा टप्पा, या प्रत्येकाची प्लेट प्रत्यक्ष उघडून पाहायची. ‘डाउनलोड पूर्ण’ या हिरव्या खुणेवर विसंबू नये. यादीत नाव दिसतं आणि पान उघडत नाही, असं घडू शकतं. दुसरी गोष्ट उष्णतेची. आयपॅड ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनलेला आहे. ॲरिझोनाच्या उन्हात काचेखाली ठेवलेला टॅब्लेट तापून बंद पडू शकतो, तेही नेमका अप्रोच चालू असताना. दुसऱ्या यंत्रावर तोच संच असावा, आणि ज्या दोन-तीन प्लेट खात्रीने लागणार आहेत त्या त्याच चक्रातल्या कागदावर छापून मांडीवर असाव्यात.

दोन गुरुवारांच्या मध्ये

प्लेट २८ दिवसांनी बदलते. क्रेन मात्र सोमवारी दुपारीही उभी राहते. मधल्या बदलांसाठी नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठी काढलेल्या सूचना, असतात. अप्रोचची किमान उंची तात्पुरती वाढली, रात्री तो बंद केला, ग्लाइडस्लोप दुरुस्तीला गेला, हे सगळं तिथेच कळतं. चालू प्लेट आणि न वाचलेला नोटॅम ही जोडी शिळ्या प्लेटइतकीच घातक ठरू शकते.

२७ ऑगस्ट २००६च्या पहाटे केंटकीतल्या लेक्सिंग्टनला कॉमएअरचं प्रवासी विमान ७,००३ फुटांची २२ क्रमांकाची धावपट्टी सोडून ३,५०० फुटांच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवरून निघालं. विमानातल्या ५० पैकी ४९ जण गेले. तपास मंडळाने मुख्य कारण वैमानिकांच्या दुर्लक्षात शोधलं: आपण कुठे आहोत हे ओळखायच्या उपलब्ध खुणा त्यांनी वापरल्या नाहीत. त्याच वेळी तिथे बांधकाम चालू होतं, टॅक्सीवेची नावं बदलली होती आणि वैमानिकांकडच्या विमानतळाच्या चार्टवर तो बदल उमटलेला नव्हता. अप्रोच प्लेटच्या शेजारचं हे विमानतळाचं रेखाचित्रही तितक्याच काळजीने तपासायचं असतं. बांधकाम चालू असलेल्या विमानतळावर तर ते सर्वांत आधी शिळं होतं.

उलट अडचण नोटॅमच्या ढिगाऱ्याची. ७ जुलै २०१७च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं एअरबस धावपट्टी समजून टॅक्सीवेवर उतरायला आलं. खाली चार विमानं प्रवाशांसह रांगेत उभी होती. विमान सुमारे साठ फुटांपर्यंत खाली आलं आणि मग वर गेलं. शेजारची धावपट्टी बंद असल्याचा नोटॅम वैमानिकांच्या २७ पानांच्या कागदपत्रांत आठव्या पानावर होता. खासगी वैमानिकाने यातून घ्यायचं ते एवढंच की नोटॅम सरसकट वरून खाली वाचू नयेत. आधी धावपट्ट्या, मग ज्या अप्रोचवर भिस्त आहे त्याच्या नावाचे, मग त्याला आधार देणाऱ्या व्हीओआरचे आणि जीपीएसच्या अडथळ्याचे, असे वेचून वाचावेत, आणि जे लागू आहे ते पेन्सिलने प्लेटवरच उतरवावं. पर्यायी विमानतळाच्या बाबतीतही हेच करावं; त्याचे नोटॅम सहसा कोणी वाचत नाही आणि हवामान बिघडलं की जायचं मात्र तिथेच असतं.

व्हीओआरचा उल्लेख आला म्हणून एक सांगणं गरजेचं आहे. ही जमिनीवरची दिशादर्शक रेडिओ केंद्रं एफएए टप्प्याटप्प्याने बंद करत आहे. ८९६ पैकी २०३०पर्यंत ५९० ठेवायची योजना आहे. प्रत्येक बंद केंद्रामागे काही अप्रोच रद्द होतात आणि काहींचे मिस्ड अप्रोच नव्या बिंदूवर जातात. जुना वैमानिक ज्या व्हीओआर अप्रोचवर शिकला, तो अप्रोच आज शिल्लक आहे का, हेही एकदा पाहावं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर लहान खासगी विमानासाठी ‘चार्ट चालूच हवा’ असं एका ओळीत सांगणारा अमेरिकी नियम नाही. पण उड्डाणाआधी उपलब्ध असलेली सगळी माहिती वैमानिकाने करून घ्यावी, असं कलम ९१.१०३ सांगतं. नवी प्लेट फुकट उपलब्ध असताना जुनीवर उडालेल्याला त्या कलमापुढे काही बोलता येणार नाही.

भारतात हीच माहिती विमानतळ प्राधिकरणाच्या इलेक्ट्रॉनिक एआयपीत (वैमानिकी माहिती प्रकाशनात) मिळते आणि गुरुवारचं चक्रही तेच. नवी मुंबई विमानतळावरून पहिली प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ला उडाली. तोही एआयरॅकचा गुरुवार होता. मुंबईच्या आकाशात शिकाऊ किंवा खासगी विमान घेऊन जाणाऱ्याने त्याआधीचा कुठलाही चार्ट बाद समजावा. गोव्यात मोपा सुरू झाल्यापासून दोन विमानतळांची संकेतनावं एकाच अक्षराने वेगळी आहेत, दाबोळीचं व्हीओजीओ आणि मोपाचं व्हीओजीए. यंत्रात अक्षरं टाकताना आणि ॲपमधून प्लेट उघडताना शेवटचं अक्षर मोठ्याने म्हणून पाहावं.

इतकं सांभाळूनही हवेत असताना प्लेट जुनी निघाली, किंवा उघडलीच नाही, तर गप्प राहून आठवणीवर उडणं हा सर्वांत वाईट मार्ग. नियंत्रकाला स्पष्ट सांगावं की या अप्रोचचा चालू चार्ट आपल्याकडे नाही. अमेरिकेत नियंत्रक अशा वेळी अप्रोचची माहिती वाचून दाखवतात: अंतिम दिशा, बिंदूंच्या उंच्या, किमान उंची, मिस्ड अप्रोच. ती कागदावर लिहून घ्यावी आणि परत वाचून दाखवावी. इंधन पुरेसं असेल तर ढग नसलेल्या विमानतळाकडे वळण्याची परवानगी मागावी, आणि हे सगळं किमान उंचीला पोहोचल्यावर नाही, तर पहिल्या बिंदूच्या बरंच आधी, विमान अजून सरळ आणि समतल उडत असताना करावं.